चरायला सोडलेला हात

दुपारी चारला विणकर सोसायटीत चहा आला की मोतीरामजी डाव्या हातात पेन्सिल धरायचे, मान खिडकीकडे वळवायचे आणि कागदाकडे न बघता त्यावर काहीबाही ओढत सुटायचे. पेन्सिल कधी लांब निघून जायची, कधी मध्येच गिरकी घ्यायची, कधी एकाच जागी टोचत बसायची. चहा पिण्याजोगा निवेपर्यंत हा प्रकार चालायचा. मग पेन्सिल खाली, कप हातात, आणि दोन घोटांत चहा संपवून गडी परत आपल्या कामाला. माझा तिथला पहिलाच दिवस होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला फिट येतेय. मी धावत जाऊन पाण्याचा ग्लास आणला.

"कोनासाठी आनलं वो पाणी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी, काकाजी. बरं नाही वाटून राहिलं का?"

"मले बम बरं वाटून राहिलं," ते म्हणाले. "हात चराले सोडला होता. आठ घंटे कागद धरून दाव्याले बांधला राहते बिचारा."

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी बारावी होऊन घरी बसले होते आणि आमच्या गावच्या विणकर सोसायटीत पत्ते पाडायला पोरगी हवी होती. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीवर जी नक्षी येते ती आधी चौकटीच्या कागदावर लाल पेन्सिलीनं भरतात. एक चौकट म्हणजे एक धागा. हा झाला नक्शा. तो ओळीओळीनं वाचायचा आणि प्रत्येक ओळीसाठी एका पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोकं पाडायची. असे शे-दीडशे पत्ते ओवून मागावर चढवले की विणकर फक्त पाय मारतो आणि धोटा फेकतो, नक्षी आपोआप उतरते. नक्शा मोतीरामजी काढायचे, पत्ते मी पाडायची. आमच्या दोघांची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे चार वर्षं मी कामाइतकंच त्यांच्याकडे बघत होते असं म्हटलं तरी चालेल.

कामात हा माणूस भलता कडक. एक नक्शा पुरा झाला की शिवणाची सुई घेऊन एकेक चौकट तीनदा मोजायचे. "एक घर चुकलं का काठ लंगडा," असं ते म्हणायचे, "आन् लंगडा काठ नेसणारीले दिसत नाही, मले दिसते." तीस वर्षांत त्यांचं एक घर चुकलं नव्हतं, आणि हे ते स्वतः नाही, सगळे विणकर सांगायचे. बापूराव म्हणून एक विणकर होते, जिभेनं तिखट, कोणालाच सोडायचे नाहीत. तेसुद्धा म्हणायचे, "मोतीरामजीचा नक्शा असला का मी डोळे मिटून धोटा फेकतो." त्या गावात याहून मोठी पदवी नव्हती.

अशा माणसानं चारच्या ठोक्याला असं बेताल व्हावं, याचं मला भारी कौतुक वाटायचं. कागदांना तोटा नव्हता. जिल्हा फुटला तशी सोसायटीची छापील पत्रं वाया गेली होती, कारण वर छापलेल्या तालुक्यांपैकी निम्मे पलीकडे गेले होते. कपाटात त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून होते. मोतीरामजी ती पत्रं पालथी घालायचे आणि पाठकोऱ्या बाजूवर हात सोडायचे. पेन्सिलच लागते असंही नव्हतं. कधी कोळशाचा तुकडा, कधी काडेपेटीची जळकी काडी, कधी रंगाच्या डब्यात बुडवलेला कापसाचा बोळा. एकदा तर कांडीवरून सुटलेला गुंता शाईत भिजवून कागदावर आपटला आणि पोरासारखे खुदखुदले.

"हे काय झालं, काकाजी?" मी विचारलं.

"मले काय मालूम? ते झालं. आता त्याले नाव काहून द्याचं?"

हळूहळू त्यांनी मलाही कागद द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी काय काढलं असेल? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि नदीत होडी. आमच्याकडे वैनगंगा आहे, पण तशी होडी मी जन्मात पाहिली नव्हती. मोतीरामजी पोट धरून हसले. "तुह्या हाताले एकच वाट पाठ आहे. शाळेत गेला आन् घरी आला. कधी उंडारलाच नाही." मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले. "आता माग आयक. ठक म्हणलं का टोच. खट म्हणलं का वढ." पलीकडच्या खोलीत आठ माग चालत होते. मी टोचत गेले, ओढत गेले आणि डोळे उघडले तर कागदावर अशी काही झिम्मड उडाली होती की ती मी केली यावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता पेन्सिलीले गावात फिरवून आन. घरं नोको काढू, मानसं नोको काढू. तू जिथं वळते तिथं वळ, जिथं थांबते तिथं थांब." मी आमच्या दारापासून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपर्यंत फिरून आले आणि पाळीवर पोचता पोचता मला रडू आलं. का ते तेव्हाही सांगता आलं नाही. वडील आजारी होते, घरात माझ्याच पगाराचा आधार होता, आणि दिवसभरात माझी म्हणावी अशी ती दहा मिनिटंच होती. एवढं आता कळतं.

रविवारी त्यांच्या अंगणात वेगळाच खेळ चालायचा. ताण्याच्या धाग्यांना खळ लावायची लांब केसांची कुंची असते. काम आटोपलं की उरलेल्या खळीत हळद, काजळी, असेल तो रंग कालवून मोतीरामजी त्या कुंचीनं अंगणाच्या मातीच्या भिंतीवर फटकारे मारायचे. एखादा सण आला की त्यांची बायको कौसाबाई सगळी भिंत सारवून काढायच्या. ती वाळली की हे पुन्हा सुरू.

"मी सारवतो आन् हे इस्कटतात," कौसाबाई मला सांगायच्या. "चाळीस सालं झाले, हेच चालून राहिलं. भिंत कोनाची मनाची तेच समजत नाही."

"भिंत तुही, फटकारे माह्ये," मोतीरामजी म्हणायचे.

यातलं त्यांनी काहीच जपून ठेवलं नाही. पाठकोरे कागद घरी गेले की चुलीत. मी एकदा हळहळले तर म्हणाले, "गाय चरून आली का तिचे खूर कोनी जमा करते का?" मी मात्र दोनतीन कागद लपवून घरी नेले होते. माझ्या मनात ते गुपचूप जमा करणं तेव्हापासूनच होतं, आणि पुढं जे घडलं ते त्यातूनच घडलं.

चौथ्या वर्षी, होळी होऊन ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मोतीरामजींनी हात सोडला, थांबवला आणि कधी नव्हे ते कागदाकडे बघत बसले. एकच रेघ होती. निघाली होती, रेंगाळली होती, मागं वळून बघितल्यासारखी वळली होती आणि सरळ कागदाबाहेर गेली होती. "पाहू तं खरं, हे घरात बसते का," असं म्हणून त्यांनी चौकटीचा कागद ओढला आणि ती रेघ ज्या ज्या चौकटीतून गेली असती ती चौकट लाल भरायला घेतली. पुढचे पंधरा दिवस चार वाजता तेच. पुरा झाल्यावर म्हणाले, "बसलं," आणि कागद खणात टाकून दिला.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाचा निरोप आला. लेक आंबागडला दिलेली. मोतीरामजी पहिल्या बसनं निघाले. जाता जाता मला म्हणाले, "नागपूरच्या शेटचा आंब्याचा नक्शा खणात आहे. पाडाले घे. मी पंधरा रोजात येतो."

मी खण उघडला. दोन्ही कागद एकावर एक होते. पुढं सगळ्यांना मी असंच भासू दिलं की कागद अदलाबदल झाला, मला काही कळलं नाही. आज खरं लिहिते. मला पुरतं कळलं होतं. आंब्याच्या नक्श्याच्या कोपऱ्यात ऑर्डरचा नंबर होता, रेघेच्या कागदावर नव्हता. मी पेन घेतलं आणि तो नंबर त्या कागदावर टाकला. आंबे मी शंभरदा पाडले होते. ही रेघ चुलीत जाणार होती. मला ती कोशावर उतरलेली बघायची होती. काकाजी परत येतील, मागावर आपलीच रेघ बघतील आणि खुदखुदतील, इतकाच विचार माझ्या बावीस वर्षांच्या डोक्यात होता. शेट, ऑर्डर, सोसायटीचे सचिव यातलं कोणी त्या डोक्यात शिरलंच नाही.

पत्ते बापूरावांच्या मागावर चढले. चार बोटं पदर उतरल्यावर त्यांनी मान वाकडी केली. "हे काय होय वो? बोडीतून म्हशी गेल्यावानी दिसून राहिलं."

"मोतीरामजीचा नक्शा आहे," मी म्हटलं.

तेवढं पुरलं. पुढं त्यांनी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या कोणाचा नक्शा असता तर त्यांनी माग थांबवला असता. पंधराव्या दिवशी दोन साड्या उतरल्या होत्या. पिवळसर कोशावर करवतीचा काठ, आणि पदरावर ती लाल रेघ, शेजारी शेजारी पाचदा, निघालेली, रेंगाळलेली, वळलेली. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

मोतीरामजी आणि नागपूरचे शेट एकाच दिवशी, तासाभराच्या अंतरानं आले. शेटनी पदर उलगडला आणि सचिवांकडे बघितलं. "मैंने आम बोला था. ये क्या है भाई? किसी ने पेन घिस के देखा है क्या?" सचिवांनी नक्शा मागवला. तो मोतीरामजींच्या हातात दिला. आठही माग थांबले होते. मोतीरामजींनी कागद धरला, कोपऱ्यातल्या नंबराकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"नंबर माह्याच हातचा आहे," ते म्हणाले. "चुकलं."

मी चार हातांवर उभी होते. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. नाही उघडलं. भित्री होते, दुसरं काही नाही.

सगळे पांगल्यावर मोतीरामजी दोरीवर टाकलेल्या त्या पदरासमोर जाऊन उभे राहिले. रेघ जिथून निघाली होती तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि तिच्याबरोबर शेवटपर्यंत गेले. हसले नाहीत.

सचिवांनी फर्मान काढलं, सोसायटीच्या टेबलावर रेघोट्या मारायच्या नाहीत. विणकरांना तर विषयच मिळाला. "काकाजी, कोनतं घर चुकलं होतं गा?" असं येताजाता विचारायचे. मोतीरामजी नुसते मान हलवायचे. चार वाजता चहा आला की कढत कढत पिऊन टाकायचे आणि सुई घेऊन मोजायला बसायचे. मी पाठकोरा कागद त्यांच्या बाजूला सरकवला तर तो नीट घडी करून परत माझ्या टेबलावर ठेवायचे. अंगणातली कुंचीसुद्धा खुंटीला वाळली. नागपंचमीला गेले तेव्हा कौसाबाई म्हणाल्या, "भिंत बम साफ राहते आता." आणि भिंतीवरून हात फिरवत, "मले घरात गमत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी लाखनीला आले. सोसायटीतले नक्शे नागपूरला संगणकावर निघायला लागले, मग ती खोलीच बंद झाली. माझं हायवेवर पिको-फॉलचं दुकान आहे. दिवसभर ट्रकांची घरघर आणि हातात बायकांच्या साड्या. त्या दोन साड्या सोसायटीनं कुठल्याशा प्रदर्शनात काढून टाकल्या होत्या. कोणी घेतल्या देव जाणे. कोशाची जुनी साडी दुकानात आली की मी आधी पदर उलगडते. गिऱ्हाईक म्हणतं, "बाई, फॉल खालून लावतात." मी हो म्हणते आणि पदर बघितल्याशिवाय राहत नाही. इतक्या वर्षांत ती रेघ आली नाही.

मोतीरामजींचं मन मोडल्याचं ओझं मात्र रोज येत होतं. शेवटी एकदा धीर केला आणि गेले. ते आता बाजेवरच असायचे, हडकले होते, पण नजर शाबूत होती. मी बसता बसताच बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

"काकाजी, तो नंबर मी टाकला होता."

"मालूम आहे."

"कधीपासून?"

"तेवाच पाह्यलं. माह्ये आकडे उभे राहतात, तुह्ये झोपून राहतात."

"मंग काहून नाही बोलले?"

"तुले त्याच दिवशी काढून टाकलं असतं. मले कोन काढते? दुसरा नक्शावाला होता कुटं त्याहिच्याजवळ?"

मला हुंदका आवरेना. मी म्हटलं, "माह्यापाई तुमाले काढनं बंद करा लागलं. सचिवानं..."

"सचिवाले कोन भेते!" ते एकदम उसळले. "माह्या अंगणात कोनता सचिव येऊन राहिला होता?" मग दम खाऊन सावकाश बोलले. "पदर पाह्यला मी, बाई. बम सुंदर होता. घरी गेलो, कुंची घेतली, आन् हात थांबला. मले विचारते, आता कसं काढू? जनमभर त्यानं मले कधी काही विचारलं नव्हतं. आता त्याले चांगलं काढाचं होतं. चराले जाईचना. नटून बाजारात जावाले पाहे. दोन-चार रोज पाह्यलं, मंग म्हणलं राहू दे."

इतकी वर्षं मी समजत होते की माझ्यामुळे त्यांच्या नावाला बट्टा लागला. नावाचं त्यांना काहीच नव्हतं. मी त्यांचा हात घालवला होता, आणि तोही आवडला म्हणून.

"रडू नोको," ते म्हणाले. "तुले आवडलं म्हणून केलं तुवा. मलेही आवडलं. त्यातच गेलं ते. आता सांग, तू काढते का?"

"नाही. तुमी बंद केलं, मंग मीही केलं."

"हे बराबर नाही. काढ. आत्ता काढ. मी पाहत नाही." कौसाबाईंनी कॅलेंडरचं जुनं पान फाडून दिलं. मोतीरामजी बाजेवर भिंतीकडे तोंड करून वळले. पाठीचे मणके सदऱ्यातून मोजता येत होते.

मी डावा हात सोडला. सोडला म्हणजे काय, तो निघाला आणि दोन बोटांवर जाऊन थांबला. पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. प्रत्येक वळणावर मी मान वर करून त्या पाठीकडे बघत होते, त्यांना हे आवडलं असतं का म्हणून. पाठ हलत नव्हती. शेवटी मी पेन्सिल ठेवली.

"नाही होऊन राहिलं, काकाजी. तुमची पाठ दिसून राहिली मले."

त्यांचे खांदे हसण्यानं हलले. "मंग मी मेल्यावर काढजो. तेवा पाठही नाही राहणार."

"काही बी बोलतात," कौसाबाई आतून ओरडल्या.

धान घरात आल्यावर, दिवाळीच्या मागंपुढं ते गेले. मी जाऊन आले. कौसाबाईंनी भिंत सारवलेली होती.

आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी दुकानात कागद घेऊन बसते. रस्त्याकडे तोंड करते, पेन्सिल डाव्या हातात धरते, कागदाकडे बघत नाही. हात थोडा जातो, आणि वळणावर येऊन थांबतो. मोतीरामजी म्हणाले होते, पाठही राहणार नाही. तेवढं एक त्यांचं चुकलं.